मागून सरळ दिसतोय का?

"काकू, मागून सरळ दिसतोय का?" असे तिने मला विचारले आणि मी "हो, अगदी सरळ आहे" असे सांगून टाकले. तो सरळ नव्हता. खांद्यावरून कमरेकडे उतरणारा तो साटीनचा पट्टा तिच्या पाठीवर मध्येच पीळ पडून उलटा झाला होता आणि त्याची आतली बाजू, जिथे शिवणीच्या धाग्यांची टोके लोंबत होती, ती वर आली होती. मला ते स्वच्छ दिसत होते. दोन बोटांनी पीळ काढायला अर्धे मिनिटही लागले नसते. महानगरपालिकेच्या शाळेत सदतीस वर्षे मराठी शिकवलेल्या, खोटे बोलू नये असा सुविचार फळ्यावर अगणित वेळा लिहिलेल्या बाईने एका अनोळखी मुलीला इतकी क्षुल्लक, इतकी बिनफायद्याची थाप का मारली असेल, हा प्रश्न गेले वर्षभर मला अधूनमधून टोचतो आहे. टोचण्याची जागाही विचित्र आहे. भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत उभी असताना किंवा दुपारी डोळा लागता लागता एकदम ती पाठ आठवते.

दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत आम्ही काही निवृत्त मंडळी मुलांसाठी एक अभ्यासिका चालवतो. खोली एकच, पत्र्याची, पण दिवे चांगले आहेत आणि पंखे तीन आहेत. महिला दिनाच्या आठवड्यात तिथल्या मुलींसाठी सॅनिटरी पॅडच्या वाटपाचा कार्यक्रम ठरला. तो ठरवला वस्तीतल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी. आम्हांला फक्त खोली उघडून द्यायची होती. प्रमुख पाहुणी म्हणून त्या वर्षी सौंदर्यस्पर्धेत किताब मिळवलेली एक तरुणी येणार होती. किताबाचे नाव मी इथे लिहीत नाही. पुण्यात आता उपनगरागणिक असे किताब आहेत, कुमारींचे वेगळे, सौभाग्यवतींचे वेगळे, आणि प्रत्येकीच्या पट्ट्यावर एखाद्या शहराचे किंवा थेट महाराष्ट्राचे नाव असतेच. गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला होता. त्यावर वरच्या ओळीत सावित्रीबाई आणि जिजाऊ, खालच्या दोन ओळींत मंडळाचे बारा कार्यकर्ते, आणि उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत मुकुट घातलेली ही. तो फ्लेक्स पाहूनच माझे मन बिघडले होते, हे आधी कबूल केले पाहिजे.

चार वाजताच्या कार्यक्रमाला ती साडेतीनलाच आली. पाहुणे उशिरा येतात या हिशेबाने आमच्या सतरंज्यासुद्धा अजून गुंडाळलेल्याच होत्या. दारात एक दुचाकी थांबली आणि पुण्यातल्या मुली गाडी चालवताना बांधतात तसा कपाळापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळलेली, वर गॉगल, हातांत कोपरापर्यंत मोजे, अशी एक मुलगी उतरली. तिच्या पायांशी केकचे चौकोनी खोके होते. मी तिला खाऊचे पार्सल घेऊन आलेली समजले आणि "ते तिकडे टेबलावर ठेव गं" असे सांगून सतरंजी झटकायला लागले. तिने खोके टेबलावर ठेवले, स्कार्फचे वेढे एकेक करून सोडले, आणि मग मला तो फ्लेक्सवरचा चेहरा दिसला. ज्या चेहऱ्यासाठी तिला मुकुट मिळाला तो चेहरा ती शहरभर झाकून घेऊन हिंडत होती, याचे मला तेव्हा हसू आले. केकच्या खोक्यात केक नव्हता. जुन्या ओढणीत गुंडाळलेला मुकुट होता.

कपाटामागे जाऊन तिने दहा मिनिटांत शिवलेली नऊवारी चढवली, तयार अंबाडा केसांत खोचला, नथ दाबून बसवली. मुकुटाला आतून दोन छोटे कंगवे असतात हे मला त्या दिवशी कळले. ते कंगवे केसांत रुतवून दोन्ही बाजूंनी काळ्या आकड्यांनी पक्के करावे लागतात आणि तरीही मान फार खाली करता येत नाही. शेवटी तिने खांद्यावर पट्टा टाकला, कमरेशी दोन्ही टोके जुळवली, सेफ्टी पिन दातांत धरली आणि पाठ माझ्याकडे करून तो प्रश्न विचारला. आमच्या खोलीत आरसा नाही. मीच तिचा आरसा होते.

आरसा खोटे बोलला.

सौंदर्यस्पर्धांविषयीचा माझा आकस जुना आहे आणि त्याला मी बरीच वर्षे विचार असे नाव देत आले. १९९४ साली मे महिन्यात मनिलामध्ये सुष्मिता सेन विश्वसुंदरी झाली आणि नोव्हेंबरात ऐश्वर्या राय जगत्सुंदरी. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरल्या होत्या. एके दिवशी मधल्या सुट्टीत मी वर्गाकडे आले तर व्हरांड्यात माझ्या सातवीच्या मुली दोन रांगा करून उभ्या होत्या आणि मधून एकजण डोक्यावर भूगोलाचे पुस्तक तोलत, कमरेवर हात ठेवून चालत येत होती. तिच्या अंगावर पुस्तकांना कव्हर घालायच्या खाकी कागदाची लांब पट्टी होती आणि तिच्यावर खडूने लिहिले होते, "मिस सातवी ब". अक्षर सुरेख होते. मी ती पट्टी ओढून काढली आणि सगळ्यांसमोर फाडली. त्यानंतर पाऊण तास मी त्यांना स्त्रीचे शरीर, बाजार आणि प्रसाधनांच्या कंपन्या या विषयावर काय काय ऐकवले ते मला आता धड आठवतही नाही. दोन वर्षांनी बंगळूरला मिस वर्ल्डची स्पर्धा भरली आणि तिच्याविरुद्ध निदर्शने झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतली कात्रणे काढून ठेवणाऱ्यांत मी होते. त्या विरोधातले पुष्कळसे मला आजही पटते. पण मुलींचा प्रश्न निघाला की मला कात्रणे आठवत नाहीत, खाकी कागद फाटतानाचा आवाज आठवतो.

या स्पर्धांमध्ये समाजसेवा शिरली कधी, याचे मला कुतूहल असे. मिस वर्ल्डची स्पर्धा १९५१ साली लंडनमध्ये सुरू झाली ती पोहण्याच्या पोशाखांची, आणि त्यात सेवेचा मागमूसही नव्हता. 'ब्यूटी विथ अ पर्पज' हा समाजसेवेचा भाग ज्युलिया मॉर्ले यांनी १९७२ मध्ये आणला. त्याआधीच, १९६६ साली, आपली रीटा फारिया जगत्सुंदरी झाली होती. ती मुंबईत डॉक्टरकीचे शिक्षण घेत होती, आणि किताबाचे वर्ष संपल्यावर मॉडेलिंग आणि सिनेमाकडे पाठ फिरवून तिने लंडनला जाऊन ते शिक्षण पुढे चालवले. आमच्या घरी तिचे नाव फार आदराने निघे, पण तो आदर तिने मुकुट मिळवल्याचा नव्हता, सोडल्याचा होता. मधू सप्रेचे मात्र कुणी कौतुक केले नाही. १९९२ साली बँकॉकला विश्वसुंदरीच्या अंतिम फेरीत, देशाची प्रमुख झालीस तर पहिल्यांदा काय करशील, असे विचारल्यावर मैदानावर वाढलेल्या या मुलीने मोठे क्रीडासंकुल बांधीन असे सांगितले, आणि ती तिसरी आली. गरिबी, उपासमार, अनाथ मुले यांपैकी काही बोलली असती तर जिंकली असती, असे तेव्हा सगळे म्हणत होते. मीही म्हणाले होते. इतक्या वर्षांनी मला वाटते की त्या मंचावर मनातले जे थोडे बोलले गेले असेल, त्यात ते एक असावे. तेव्हापासून मुली उत्तरे पाठ करून येऊ लागल्या असतील तर त्यांना नावे ठेवणारे आपण कोण?

तर ही मुलगीही पाठ करूनच आली होती. आरशाशिवाय मुकुट घालणाऱ्या, तोंडात पिन धरून बोलणाऱ्या त्या मुलीचा आवाज माइक हातात येताच बदलला. तो एकदम रेडिओवरच्यासारखा गोड आणि लांबट झाला. "तुम्ही सगळ्या जणी स्वतःच्या आयुष्याच्या क्वीन आहात," असे तिने सांगितले, आणि तीसेक मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग वाटप सुरू झाले. एकेक मुलगी पुढे येई, पॅडचे पाकीट घेई आणि छायाचित्र काढणारा मंडळाचा पोरगा "पाकीट जरा वर, अजून वर" असे ओरडे. मुली पाकीट छातीशी धरून ओढणीखाली ढकलत होत्या आणि तो ते बाहेर काढायला लावत होता. मला उठून त्याला बाहेर काढावेसे वाटले, पण मी उठले नाही. २०१८ च्या सप्टेंबरात मुठा उजवा कालवा फुटून याच वस्तीत पाणी शिरले होते. तेव्हा सतरंज्या, पातेली आणि धान्याच्या पिशव्या घेऊन जे लोक आले, त्यांच्याबरोबरही असेच कॅमेरे होते. नव्या पातेल्यासह आपला फोटो वर्तमानपत्रात आलेल्या एका बाईने मला तेव्हा ते कात्रण दाखवून विचारले होते, "बाई, यात मी रडतीय का हसतीय, सांगा बरं." मला सांगता आले नव्हते.

वाटप चालू असताना एक गोष्ट घडली, जी कोणत्याही छायाचित्रात नाही. नववीतली एक किरकोळ अंगाची मुलगी पाकीट घ्यायला आली. पोरगा "ताई, इकडे बघा" म्हणत होता, पण पाहुणी त्याच्याकडे बघत नव्हती. तिने मुलीच्या हनुवटीला हात लावला, चेहरा दाराकडून येणाऱ्या उजेडाकडे वळवला आणि अंगठ्याने तिच्या डोळ्याची खालची पापणी किंचित खाली ओढली. मग तिच्या हाताची नखे उलटीसुलटी करून पाहिली. हे सगळे दोन-तीन सेकंदांत, तोंडावरचे हसू तसेच ठेवून. मुलगी पाकीट घेऊन गेली. पुढची यायच्या आत ती माझ्याकडे झुकली, मुकुट सांभाळत, आणि अगदी वेगळ्या, कोरड्या आवाजात म्हणाली, "काकू, हिचं हिमोग्लोबिन बघून घ्या. लवकर." आमच्या देशात १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुली रक्तक्षयाच्या असतात, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलेले आहे आणि तो आकडा मी स्वतः अभ्यासिकेच्या एका अहवालात लिहिला होता. त्या मुलीला मी आठवड्यातून चार दिवस बघत होते. ती वाचता वाचता पेंगते म्हणून तिला मी आळशी ठरवले होते. पुढे महानगरपालिकेच्या दवाखान्यात तपासले तेव्हा तिचे हिमोग्लोबिन ७.२ भरले.

कार्यक्रम संपत आला आणि आभार मानायला कोणी उठणार, तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या आमच्या गल्लीतल्या कचरावेचक मावशी म्हणाल्या, "ताई, वाटलं ते बरं केलं. पण वापरल्यावर टाकायचं कुठं, ते सांगितलंच न्हाई." खोलीत एकदम शांतता झाली. मुलींनी माना खाली घातल्या. पाहुणीने माझ्याकडे पाहिले, मी अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीकडे. मावशी 'स्वच्छ'मध्ये आहेत, म्हणजे २००८ पासून पुण्याच्या दारोदारचा कचरा नेणाऱ्या, कचरावेचकांच्याच मालकीच्या सहकारी संस्थेत, आणि त्याआधी कितीतरी वर्षे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत. कागद वेगळा, काच वेगळी, प्लॅस्टिक वेगळे करताना उघड्या पॅडमध्ये बोटे जातात, हे त्यांनी मुलींसमोर सरळ सांगितले. "तुमचं असतं त्यात, आमचा हात असतो त्यात. पेपरात गुंडाळा न् वर लाल ठिपका काढा, म्हंजी आमाला उघडाय लागत न्हाई. कवापास्नं सांगतोय." पॅड वेगळे गुंडाळून द्यावे हे २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलेले आहे. त्याच्याही आधी, २०१३ मध्ये, पुण्याच्या या बायकांनी वापरलेली पॅड पोत्यांत भरून ती बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवली होती. लाल ठिपक्याची मोहीम माझ्याच सोसायटीच्या फलकावर लागली होती आणि मी ती वाचून पुढे गेले होते. पाहुणीकडे पाठ केलेले उत्तर नव्हते. "मावशी, हे मला माहीत नव्हतं," एवढेच ती म्हणाली, आणि माइक खाली ठेवला. मनातल्या मनात मी तिला दोन गुण वाढवून दिले. पेपर तपासायची सवय जात नाही.

मंडळाचे अध्यक्ष सत्काराची शाल आणि नारळ घेऊन येणार होते आणि ते कुठेतरी अडकले होते. मुली पांगल्या. ती खुर्चीच्या कडेवर बसली, कारण शिवलेल्या नऊवारीत सतरंजीवर बसले तर निऱ्या चुरगळतात, आणि तिला सहा वाजता कोथरूडला साडीच्या एका दुकानाच्या उद्घाटनाला जायचे होते. चहा आला. चहा सांडू नये म्हणून तिने पट्ट्याची पिन काढली आणि तो डोक्यावरून काढून माझ्या हातात दिला. काढतानाच तिला पीळ दिसला. तिने तो सरळ केला, एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अय्या, हा उलटाच होता की." मग लगेच, जणू मलाच अवघडायला नको म्हणून, "घाईत राहिलं असेल," असेही म्हणाली. मी काहीच बोलले नाही. मान्य करण्याची ती एक सोपी संधी होती आणि ती मी चहाच्या घोटाबरोबर गिळली.

हातात घेतल्यावर तो पट्टा जवळून पाहता आला. लांबून राजवर्खी दिसणारे ते कापड जवळून साधे, पातळ होते. सोनेरी चमकीची अक्षरे कापडावर चिकटवलेली होती आणि चमकी माझ्या बोटांना लागली. ती पुढे तीन दिवस माझ्या चष्म्यावर, पोळीच्या पिठात आणि एकदा बँकेच्या पासबुकावर निघत राहिली. आतल्या बाजूला गळ्यापाशी पावडरचा आणि घामाचा पिवळसर डाग होता. "धुता येत नाही ना, काकू. धुतलं की अक्षरं निघतात," ती म्हणाली. आणि कमरेच्या टोकांना, जिथे ती पिन लावत असे, तिथे बारीक बारीक छिद्रे होती. एक दोन नव्हे, छिद्रांची दाटीच होती, कुठे कुठे दोन छिद्रे मिळून कापड विरले होते. प्रत्येक छिद्र म्हणजे एक कार्यक्रम. दहीहंडी, मंगळागौर, खेळ पैठणीचा, योगदिन, नदीकाठची स्वच्छता, वृक्षारोपण, चष्मेवाटप, कुणाच्या तरी हॉटेलाची फीत, असे ती बोटांवर मोजत गेली आणि मध्येच कंटाळून थांबली. याचे पैसे मिळतात का, असे मी पुणेरी थेटपणाने विचारले. ती हसली. "मिळत नाहीत, जातात. साड्या, मेकअप, पेट्रोल. आणि प्रत्येक कार्यक्रमाला लॅबमध्ये हाफ डे."

ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते, हे मला तेव्हा कळले. पापणीचे कोडे उलगडले. डिसेंबरात तिला एका रक्तदान शिबिराला बोलावले होते, तेही पट्टा आणि मुकुटासह. काम काय, तर रक्तदात्याच्या खाटेजवळ उभे राहून त्याचा हात हातात घ्यायचा आणि कॅमेऱ्याकडे बघायचे. पलीकडच्या खाटेवर एका नव्या मुलाला दात्याची शीर सापडेना. त्याने दोनदा सुई टोचली, दाता कळवळला. "मला दिसत होती शीर. इथून दिसत होती," असे म्हणून तिने चहाचा कप खाली ठेवला आणि स्वतःच्या कोपराच्या घडीत बोट ठेवून मला ती जागा दाखवली. "मी पुढे झाले, तर ते म्हणाले, मॅडम तुम्ही नका, साडीला रक्त लागेल." हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती, गंमतही नव्हती. मग कशासाठी करतेस हे सगळे, असे मी विचारले. त्यात थोडा शिक्षिकेचा दरारा आला असावा, कारण ती सरळ होऊन बसली.

"लॅबमध्ये दिवसाला साठ-सत्तर माणसं माझ्यासमोर हात पुढे करतात, काकू. त्यातलं एकही माझ्याकडे बघत नाही. सुई बघायला लागू नये म्हणून सगळे तोंड फिरवून भिंतीकडे बघतात."

अध्यक्ष आले. शाल, नारळ, फोटो. तिने पट्टा पुन्हा चढवला, या वेळी मला काही विचारले नाही, खिडकीच्या काचेत पाहून स्वतःच बेताचा सरळ केला, आणि सगळे उरकल्यावर मुकुट ओढणीत, ओढणी खोक्यात, चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळून ती कोथरूडला गेली. रात्री मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर छत्तीस छायाचित्रे आली. त्यांतले सर्वांत चांगले मागून काढलेले होते. समोर मुलींचे वर झालेले, हसरे, थोडे दिपलेले चेहरे आणि अलीकडे तिची पाठ. पाठीवर उलटा पट्टा. लोंबणारे धागेसुद्धा दिसत होते. कुणीतरी खाली लिहिले होते, "मॅडमचे मागून काय ते लिहिलेय, वाचता येईना."

माझी आजी हिंगण्याला अण्णा कर्व्यांच्या आश्रमात काही वर्षे शिकली होती. तिच्या बोलण्यात पार्वतीबाई आठवल्यांचे नाव वारंवार येई. पार्वतीबाई म्हणजे अण्णांच्या पत्नी बाया कर्वे यांच्या बहीण, ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. केशवपन केलेल्या विधवेच्या वेशात त्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या आणि पुढे एके दिवशी त्यांनी तो वेश सोडून केस वाढवायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी त्यांना पुष्कळ बोल लावले. त्यानंतर त्या अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी कामे केली, इंग्रजी शिकल्या आणि संस्थेसाठी पैसे जमवून परत आल्या. आजी हे सांगताना एक वाक्य नेहमी जोडे. "लाल आलवण बघून लोक पैसे द्यायचे गं, माणूस बघून नव्हे." लहानपणी मला त्यातली खोच कळत नसे. या मुलीची आणि पार्वतीबाईंची तुलना मी करणार नाही. कुणी केली तर मी स्वतःच भांडायला जाईन. कुठे मैलोन्‌मैल पायपीट करून जमवलेले रुपये आणि कुठे साडीच्या दुकानाची फीत. पण आलवण आणि साटीनचा पट्टा ही दोन कापडे माझ्या मनात शेजारी शेजारी वाळत पडली आहेत आणि ती तिथून काही केल्या निघत नाहीत. काम घेऊन लोकांपुढे उभे राहायचे तर अंगावर लोकांच्या ओळखीचे काहीतरी लागतेच. माझी खादीची साडी आणि शबनम पिशवी तरी दुसरे काय होते? मीही कुठे आरशात न बघता घराबाहेर पडत होते?

तीन आठवड्यांनी एका रविवारी सकाळी ती पुन्हा आली. कुणी बोलावले नव्हते. अंगावर साधा पंजाबी ड्रेस, केसांची वेणी, हातात जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि लाल स्केचपेनांचे पाकीट. मावशींनाही तिने आदल्या दिवशी गाठून यायला सांगितले होते. वर्तमानपत्राचे चौकोन कसे कापायचे, पॅड आत ठेवून कडा कशा मुडपायच्या, ठिपका कुठे काढायचा, हे मावशींनी दाखवले आणि हिने मुलींकडून करून घेतले. कार्यक्रम चोख झाला. छायाचित्रकार नव्हता. आणि तरीही, खरे सांगायचे तर, तो फसला. मुली निम्म्याच आल्या होत्या, आलेल्यांपैकी काहींनी तिला ओळखलेच नाही, आणि ओळख पटल्यावर पहिला प्रश्न आला तो, "ताई, क्राउन नाही आणला?" ती हसून म्हणाली, "आज नाही." मुलींचे चेहरे पडले. मागच्या वेळी जिची पापणी तिने पाहिली होती ती मुलगी, जिच्या गोळ्या आता सुरू होत्या, तीच सगळ्यांत जास्त हिरमुसली. मुकुट डोक्यावर घालून बघायचा म्हणून ती धाकट्या बहिणीलाही घेऊन आली होती. माझ्या सगळ्या जुन्या विचारांप्रमाणे त्या सकाळी मला आनंद व्हायला हवा होता, कारण भपका गेला होता आणि काम उरले होते. पण खोली मलासुद्धा जरा अंधारी वाटली. तीन पंखे आणि पुष्कळ दिवे असलेल्या त्या खोलीत त्या दिवशी, महिला दिनाला होता तसला, उगीचचा लखलखाट नव्हता, आणि मला तो हवा होता.

नंतर ती आली नाही. लॅबची पाळी बदलली असे कुणाकडून तरी कळले. गणपतीत नवी विजेती ठरली आणि मंडळाच्या मांडवात आरतीला नव्या पट्ट्यातली नवी मुलगी येऊन गेली. मावशी सांगतात की वस्तीतून आता ठिपकेवाल्या पुड्या येतात, पण सगळ्याच घरांतून येत नाहीत. काही मुली तर ठिपक्याऐवजी हसरा चेहरा काढून पाठवतात. एकीने मुकुट काढला होता म्हणे.

यंदा महिला दिन जवळ आला तसे मुलींनी मला घेरले. पाहुणी कोण, हा प्रश्न नव्हताच. "तीच ताई, पण क्राउन घालून" असा एकमुखी ठराव होता. मंडळवाले म्हणाले, नवीन विजेतीला बोलवू, तिचा पट्टा कोरा आहे, फ्लेक्सवरही छान दिसेल. मी दोन दिवस विचार केला आणि तिला फोन लावला. मी नाव सांगायच्या आतच तिने "काकू" म्हणून ओळखले. येईन म्हणाली, दुपारची पाळी असली तर बदलून घेईन म्हणाली. मग मी घसा खाकरून, जन्मात कधी वापरेन असे वाटले नव्हते असे वाक्य उच्चारले. "अगं, येताना तो मुकुट आणि पट्टा आणशील का? मुलींची फार इच्छा आहे."

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. "मुकुट आहे," ती म्हणाली. "पट्टाही आहे, पण त्यातली दोन अक्षरं निघालीत, काकू. आणि आता मी माजी आहे. चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. "आणि पिना आणू नकोस. मी आणते."

काल तुळशीबागेत जाऊन सेफ्टी पिनांचे एक पान घेतले, त्यात तीन आकाराच्या पिना आहेत. दुकानदाराला आरसाही मागितला, अभ्यासिकेत लावायला. छोटा नको, पाठही दिसेल असा हवा, असे सांगितल्यावर त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाला, "आजी, पाठ दिसायला दोन आरसे लागतात." मी एकच घेतला. दुसरीकडून मी उभी राहणार आहे.